धण्याएवढं

आमचा कॅम्प आहे त्या भागाचं नाव सजा.
फोनवर सांगितलं तेव्हा आईनं विचारलं,
'तलाठ्याची असते तसली का?'
मी हो म्हणालो.
दुसरा अर्थ तिला कशाला सांगायचा.

पगार थकून हा पाचवा महिना.
सुपरवायझर म्हणतो, पुढच्या आठवड्यात.
इतक्या मायेनं म्हणतो
की त्याचाही थकला असावा.

मी एसी दुरुस्त करतो.
शारजातल्या कितीतरी अनोळखी झोपा
माझ्या हातानं गार झाल्या.
आमच्या खोलीतला मात्र रात्रभर ठिबकतो.
त्याच्या नळीखाली रंगाची रिकामी बादली ठेवली,
राउंडअबाउटची माती पिशवीतून आणली,
चोरून, बोअजला पहाऱ्याला उभा करून.
मेसच्या डब्यातले मूठभर धणे
चपलेखाली रगडले, आई रगडते तसे,
आणि टाकले.
प्रार्थना वगैरे केली नाही.
त्या दिवसांत प्रार्थना मला
ऑफिसातल्या हिशेबाच्या खिडकीसारखी वाटायची:
आत दिवा असतो, माणूस नसतो.

ते पाणी बेचव.
हवेतून पिळलेलं,
अकरा जणांचा घाम, घोरणं, न बोललेलं
सगळं गाळून उरलेलं.
नवव्या की दहाव्या दिवशी मातीला भेग पडली.
एक कोंब वर आला,
डोक्यावर अजून धण्याची टोपी.
त्या दिवशी माझी बस चुकली.

नोव्हेंबरात मंडळीचा हंगामाचा सण.
गावी वेदीपुढं बाजरीची पोती, डांगर,
पाय बांधलेल्या कोंबड्या उपदेशात मधेच बोलणाऱ्या.
इथं चर्चची मागची खोली आपली, पाऊण तास.
आधी तेलुगू, नंतर फिलिपिनो,
खुर्च्या कोमट मिळतात, कोमट ठेवून जायच्या.
टेबलावर आमचं पीक:
टुनाचे दोन डबे, खजुराचं पाकीट,
राहेलबाईंच्या मॅडमनं दिलेला अर्धा केक,
कुणाचं तरी न खरवडलेलं रिचार्ज कार्ड,
आणि पेपरात गुंडाळलेली माझी ओली जुडी.

नहूम ओहोळ, मंडळीचे वडील, जुने क्रेनवाले.
त्यांनी कोथिंबीर नाकाशी धरली
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
मान्ना धण्यासारखा दिसायचा, आठवतं का?
पहाटे वाळवंटभर बारीक, पांढरा.
लोक तंबूबाहेर आले, म्हणाले, हे काय?
आणि तेच नाव पडलं.

मी मागच्या रांगेतून म्हणालो,
आणि त्यांची कुरकुर?
तर म्हणाले, होतीच की.
कुरकुरणाऱ्यांनाच मिळाला.
दुसरं होतं कोण तिथं?

लिलाव पुकारला.
दिरहम कुणाच्याच खिशात नव्हते.
राहेलबाई म्हणाल्या, दोन शर्टांची बटणं लावून देईन.
शलमोन म्हणाला, दाढी आणि कटिंग, पण कात्री माझी बोथट आहे.
बोअज म्हणाला,
हा सुट्टीवर गेला की बादलीला मी पाणी घालीन.
सुट्टी!
सगळे हसले. मीही हसलो,
आणि आत काहीतरी थांबलं.
कॉम्प्रेसर बंद पडल्यावरच कळतं ना,
इतका वेळ केवढा आवाज होता.

जुडी कुणी घेतली, कितीला, ते सांगत नाही.
रात्री ती परत आमच्याच डाळीवर पडली,
अकरा ताटं, ताटाला दोन पानं,
एका ताटात देठच.
सगळे थांबले होते, मी उपकार मानीन म्हणून.
देवबापा, एवढं म्हणालो.
पुढचे शब्द लहानपणापासून पाठ आहेत,
तरी तोंडातून निघालं,
हे काय?
ओहोळ असते तर आमेन म्हणाले असते.
बोअज म्हणाला, डाळ आहे, जेव.

आठवडा झाला.
सुपरवायझर म्हणाला, पुढच्या आठवड्यात.
कापलेल्या देठांना बाजूनं फुटवा आलाय.
नळीचा थेंब पडतो, मग थोडा वेळ नाही,
मग पडतो.